डोळे आलेल्या चिमण्या

९ नोव्हेंबर

मने,

फोन करू नकोस. तुझी आई मागे लागली तरी करू नकोस. हल्ली फोन कानाला लावला की डब्यात खडे हलवल्यासारखं ऐकू येतं आणि मी नुसती हो हो म्हणत राहते. मागच्या वेळी कशाकशाला हो म्हटलं ते तुम्हालाच माहीत. त्यापेक्षा लिही. डोळे अजून शाबूत आहेत.

डोळ्यांचंच सांगायला बसले आहे. इथल्या चिमण्यांचे डोळे आलेत.

मागच्या अंगणात तारेला दाण्याची काचेची बाटली टांगलेली असते, ती तू पाहिली आहेस. तिच्या पत्र्याच्या बुडाला कडेने भोकं पाडलीत. चिमणी दांडीवर बसते, भोकात डोकं घालते, दाणा घेते, उडते. गेल्या महिन्यात एक चिमणी बसूनच राहिली. बाकीच्या उडाल्या, ही बसलेली. मी जवळ गेले तरी बसलेली. उजवा डोळा पूर्ण मिटलेला, पापणी सुजून लाल, कडेला पिवळी चिपडं वाळलेली. माणसाचं असतं तसंच्या तसं. हात पुढे केला तर हातात आली. पळणार कुठे, दिसतच नव्हतं तिला.

मग मी आयुष्यभर जे केलं तेच केलं. पाणी उकळून गार केलं. कापसाने नाकाकडून बाहेर पुसलं, एका डोळ्याचा कापूस दुसऱ्याला लावला नाही. आता चिमणीला नाक कुठे, चोचीकडून म्हण. पापणी नखाने खाली ओढून एक थेंब. औषधवाल्याने थेंब दिले, कोणासाठी ते विचारलं नाही. माझं वय बघून त्याने ठरवलं असेल.

आमच्या वॉर्डात ऑपरेशनच्या आधी ज्या डोळ्याचं करायचं त्याच्या भुवईवर जांभळ्या औषधाचा ठिपका द्यायचो, म्हणजे डॉक्टर अर्धवट झोपेत असला तरी चुकीच्या डोळ्याला हात लावणार नाही. सवयीने चिमणीलाही दिला. भुवई नसते, पण असती तर जिथे असती तिथे.

शेजारचे घड्याळवाले, ज्यांना तू लहानपणी घड्याळकाका म्हणायचीस, त्यांनी दुकानातले काचेच्या झाकणाचे खोके आणून दिले. बाजूंना हवेसाठी भोकं पाडून दिली. एकेका खोक्यात एकेक पेशंट. मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही वॉर्डातून रिटायर झालात, पण वॉर्ड काही तुमच्यातून रिटायर झालेला दिसत नाही."

पहिलीने डोळा उघडला. उघडल्यावर आधी माझ्याकडे बघितलं. पट्टी निघाली की पेशंट आधी सिस्टरकडेच बघतो, घरचे मागे उभे असतात.

याहून चांगले थेंब कोणते ते कळव. तुझं नाव मनी ठेवलं आणि तू पक्ष्यांची डॉक्टर झालीस, हे मी घड्याळवाल्यांना अजून सांगते. ते दर वेळी नव्याने ऐकल्यासारखं हसतात. सभ्य गृहस्थ आहेत.

तुझी मावशी


१६ नोव्हेंबर

मावशी,

पत्र मिळालं. थोडक्यात लिहिते, कारण इथे टेबलावर जागा उरलेली नाही. लोक मेलेली पाखरं बुटांच्या खोक्यांतून, बिस्किटांच्या पुड्यांतून पाठवतात. काही जण सोबत चिठ्ठी लिहितात, आमच्या खिडकीतली होती, नीट बघा म्हणून. फ्रीझर भरला, आता शेजारच्या खात्याचा वापरतो. ते नाक मुरडतात.

तुझ्या चिमण्यांना झालाय तोच हा आजार. जंतू कोंबड्यांत जुना आहे, रानातल्या पाखरांत अलीकडे शिरलाय. आम्हालाही सगळं माहीत नाही. पण माझं एक ऐक. बाटली काढ. धुऊन कपाटात ठेव, पुन्हा टांगू नकोस. आजारी चिमणी आली तर घरात घेऊ नकोस, थेंब घालू नकोस. आहे तिथे राहू दे.

का ते सवडीने लिहीन. आत्ता फक्त ऐक.

आई म्हणते, ताई कोणाचं ऐकते का कधी. मी म्हटलं, तिला ऐकूच येत नाही. आई हसली.

मनी


२६ नोव्हेंबर

मने,

बाटली काढली. उकळत्या पाण्यात घातली, उन्हात वाळवली आणि परत टांगली.

तुझी काळजी कळली. म्हाताऱ्या मावशीला पाखरांचा रोग लागायचा, असंच ना? अगं, एका वर्षी अख्ख्या शहराचे डोळे आले होते. वॉर्डातल्या सगळ्या नर्सेसचे आले, डॉक्टरांचे आले, दारावरच्या शिपायाचे आले. माझे आले नाहीत. हात धुण्याची शिस्त. तरी तुझ्या शब्दाखातर मी आता हातमोजे घालते. घड्याळवाल्यांनाही घालायला लावते. त्यांना ते आवडत नाही, बोटांना काही कळेनासं होतं म्हणतात.

पण आंधळी चिमणी खिडकीच्या कट्ट्यावर येऊन बसते आणि मी तिला आहे तिथे राहू देऊ? हे तू मनापासून लिहिलेलं नाहीस. कोणत्या तरी सरकारी पत्रकातलं वाक्य उतरवलं आहेस. तुझं अक्षरही त्या ओळीत सरळ आलंय, एरवी तुझ्या ओळी उतरणीला लागलेल्या असतात.

खोके भरलेले असतात. एक रिकामा झाला की दुसरी येते. बऱ्या होतात मने, खरंच होतात. सूज उतरते, डोळा लख्ख होतो, पंख फडफडवायला लागतात. काही मरतात, त्यांना मी अंगणाच्या कोपऱ्यात पुरते.

बऱ्या झालेल्यांना इथेच सोडणं मला पटेना. बरा झालेला पेशंट परत आजाऱ्यांच्या खाटांमध्ये कोणी निजवत नाही. यावर तोड घड्याळवाल्यांनी काढली. सार्वजनिक घड्याळांना चावी द्यायचं काम अजून त्यांच्याकडेच आहे. दर आठवड्याला बसने निघतात, या गावच्या टॉवरवर चढ, त्या गावच्या शाळेत जा. सोबत खोका नेतात. घड्याळाला चावी देतात आणि चिमणीला तिथेच सोडतात, मोकळ्या हवेत, निरोगी थव्यात. परवा कंडक्टरने विचारलं खोक्यात काय आहे. हे म्हणाले, गजराचं घड्याळ. तेवढ्यात आतून चिवचिवाट झाला. कंडक्टर म्हणाला, वेळेच्या आधी वाजलं.

काही अगदी हट्टी आहेत, सोडून आलं तरी परत येतात. काही इथल्या इथेच सुटल्या, झाकण उघडं राहिलं म्हणून. त्या अंगणातच असतात. ठिपक्यांवरून मी त्यांना ओळखते. त्याही मला ओळखतात असं वाटतं. हे घड्याळवाल्यांना सांगितलेलं नाही.

थेंबांचं नाव अजून कळवलं नाहीस.

मावशी


४ डिसेंबर

मावशी,

घड्याळकाकांनी चिमण्या कोणकोणत्या गावी सोडल्या? साधारण कधीपासून? एका गावी एकच की जास्त? ठिपका फक्त डोळ्याच्या वर देतेस की आणखी कुठे? जांभळं औषध तेच आहे ना, हॉस्पिटलमधलं?

आमच्या कामाला उपयोग होईल म्हणून विचारते. तोवर एकही चिमणी सोडू नका. खोक्यांत आहेत त्या खोक्यांतच ठेव. पत्र मिळाल्याबरोबर उत्तर पाठव.

मनी


१२ डिसेंबर

मने,

तुझे प्रश्न मी घड्याळवाल्यांना वाचून दाखवले. ते खुर्चीत सरळ बसले. म्हणाले, सिस्टर, आपण संशोधनात आलो. चष्मा पुसून मला गावं सांगितली. पाणीपुरवठ्याचा टॉवर, तिथे ऑक्टोबर संपताना पहिली सोडली आणि नंतरही सोडल्या. मग नदीपलीकडची शाळा. मग कापडगिरणी, तिथे पुष्कळ. कोर्टाच्या आवारात एकदा. ठिपका फक्त आजारी डोळ्याच्या वर. औषध तेच.

हे झालं तुझ्या कामाचं. आता माझं.

तुझं पत्र मी घड्याळवाले गेल्यावर पुन्हा वाचलं. तू गावं विचारलीस, ठिपका विचारलास. चिमण्या कशा आहेत ते विचारलं नाहीस. वॉर्डात एखादा मोठा डॉक्टर यायचा आणि मला बाजूला घेऊन विचारायचा, सिस्टर, थेंब कोणत्या बाटलीतले घातले, किती वाजता घातले, कोणी घातले. पेशंट कसा आहे हे विचारायचा नाही. तेव्हा मला कळायचं की पेशंट गेला.

कोण गेलं ते लिही. मी ऐकायला बहिरी आहे, वाचायला नाही.

मावशी


१८ डिसेंबर

मावशी,

बरोबर ओळखलंस.

डोळे आलेल्या चिमणीला दिसत नाही. दाणा सापडत नाही, मांजर कळत नाही. ती थोड्याच दिवसांत मरते आणि तिच्यातला जंतूही तिच्याबरोबर संपतो. क्रूर आहे, पण आजार एका जागी अडून राहतो तो याच कारणाने. तुझ्या थेंबांनी सूज उतरते. डोळा उघडतो. जंतू जात नाही. तो घशात राहतो, डोळ्याच्या मागे राहतो. चिमणी बरी दिसते, थव्यात जाते, कोणाच्या तरी बाटलीच्या भोकात डोकं घालते. भोकाच्या काठाला तिची पापणी घासते. मग पुढची येते, तिचीही पापणी तिथेच घासते.

आमच्या साहेबांनी भिंतीवर नकाशा लावलाय. आजार एका गावातून शेजारच्या गावात सरकतो, तसा सरकायला हवा. इथे तो उड्या मारत होता. टॉवर, मग एकदम शाळा, मग गिरणी. मधल्या गावांत काहीच नाही. साहेब म्हणाले, कोणी पाखरं पकडून विकत फिरतंय का ते बघा. मग गिरणीतून आलेल्या खोक्यात एक चिमणी निघाली, डाव्या डोळ्याच्या वर जांभळा डाग. सगळ्यांना वाटलं शाई लागली. मी टेबलाशीच उभी होते. आजारी डोळ्याच्या वर ठिपका देणारी बाई जगात एकच आहे. त्या दिवशी मी तुला ते प्रश्न पाठवले.

गिरणीच्या आवारात आता चिमणी दिसत नाही. शाळेत मुलं रोज मेलेल्या गोळा करत होती, शेवटी त्यांना मैदानावर यायला बंदी केली.

थेंबांनी जंतू जात नाही, हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. आईने वाचलं. म्हणाली, ताईकडे आता तेवढंच आहे, ते तिच्याकडून काढून घेऊ नकोस. मी ते पत्र फाडलं आणि दुसरं लिहिलं. तू म्हणालीस तसं, सरळ ओळींचं.

साहेबांना मी फक्त एक निवृत्त बाई असं सांगितलंय. आमची माणसं जाळी घेऊन येतील. खोक्यांतल्या त्यांच्याकडे दे. अंगणात ठिपक्याच्या ज्या राहिल्यात त्याही त्यांना धरू दे. त्या राहिल्या तर वसंतात घरटी करतील आणि पिल्लांनाही आजार देतील.

तुला वाईट वाटून घेऊ नकोस असं लिहिणार होते. लिहीत नाही.

मनी


५ जानेवारी

चि. मनी,

मी शेजारचा घड्याळवाला. पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तिथेच होतो. सिस्टरनी ते वाचलं, घडी केली, माझ्या हातात दिलं आणि आत जाऊन भांडी घासायला लागल्या. भांडी घासलेलीच होती. मी वाचून संपवलं, तरी त्या बाहेर आल्या नाहीत. मी दार ओढून घेतलं आणि घरी गेलो. त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलतात. दूध आलं का, पेपर आला का.

तुमची माणसं आली होती. सभ्य होती, चपला बाहेर काढल्या. खोक्यांतल्या चिमण्या घेऊन गेली. अंगणात दोन खांब रोवून जाळं लावलं आणि दिवसभर बसली. चिमण्या तारेवर बसून त्यांच्याकडे बघत होत्या. पुन्हा एकदा आली, जाळं जरा खाली लावलं. पाखरं शहाणी झाली आहेत. भलतीच एक दुसऱ्या जातीची अडकली, ती सोडून दिली आणि निघून गेली.

बाटली सिस्टरनी काढून टाकली आहे. खिडकीला पडदा लावून आत बसतात. सकाळी चिमण्या कट्ट्यावर येतात आणि काचेवर चोच मारतात. सिस्टरना ऐकू येत नाही हे एक बरं, असं मी मनाशी म्हणत होतो. पण परवा आत गेलो तर त्या पडद्यावर हाताचा पंजा टेकवून उभ्या होत्या. काच हललेली त्यांना तळव्याला कळते.

आता मुख्य. चिमण्या मी नेल्या. गावं मी निवडली. सिस्टर म्हणाल्या होत्या, जवळच कुठेतरी सोडा. मीच म्हटलं, लांब नेतो, माझा फेरा आहेच. अशा गोष्टीत दोष डॉक्टरला देतात नाहीतर नर्सला देतात, ओझं वाहणाऱ्याला कोणी विचारत नाही. तुझ्या साहेबांना माझं नाव सांग.

काम चालू आहे. टॉवरवर चढतो, चावी देतो, उतरतो. मधे झाडं लागतात. वर बघत नाही.

सिस्टरना एखादं पत्र पाठव. काय लिहायचं ते मला सुचत नाही.

तुझा,
घड्याळकाका


९ जानेवारी

मावशी,

हे मागणं नाही. काय आहे ते फक्त कळवते, कारण निम्मं कळवून काय होतं ते आपण बघितलं.

जाळ्यात एकही ठिपक्याची आली नाही. साहेब विष ठेवू म्हणत होते. मी भांडले. विषाने ठिपक्याच्या मरतील आणि बिनठिपक्याच्याही, मेलेल्या खाऊन मांजरं मरतील. त्यांनी ऐकलं, पण महिनाअखेरीपर्यंतच. ऊन वाढलं की जोड्या लागायला सुरुवात होईल.

त्या चिमण्या माणसाजवळ येत नाहीत. फक्त तुझ्याजवळ येतात. हे आमच्या माणसांनीच येऊन सांगितलं. त्यांनी तुला पडद्याआड पाहिलं होतं, आणि तुझ्या काचेवर चोच मारणाऱ्या चिमण्यांनाही.

तू विचारशील म्हणून लिहिते. इथे एक बंद पेटी असते. तिच्यात हळूहळू गॅस सोडतात. पाखरू आधी डुलकी घेतल्यासारखं बसतं, मग आडवं होतं. धडपड होत नाही. मी पुष्कळदा पाहिलंय. त्यानंतर तपासणी, म्हणजे जंतू कुठे राहतो आणि किती काळ राहतो ते कळतं. दुसऱ्या गावांना त्याचा उपयोग होतो.

तू नाही म्हणालीस तर मी साहेबांना सांगेन की त्या बाई नाही म्हणाल्या. कारण सांगणार नाही.

आईने तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणले आहेत. एक मोठा झालाय, एक लहान. म्हणते, तिला कळव, दोन्ही पाय एकदम पुढे करायचे नाहीत.

मनी


२० जानेवारी

मने,

तुमची गाडी काल येऊन गेली. तुझ्यापर्यंत पोचल्या असतील.

बाटली परत टांगली तेव्हा पहिल्या दिवशी एकही आली नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा सरकवला तर कट्ट्यावर बसलेल्या होत्या.

घड्याळवाले झाकणं धरायला आले. केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने बसवणारा माणूस, पण त्यांनी झाकण उलटंच लावलं. मी त्यांना आत चहा टाकायला पाठवलं. बराच वेळ आधण उकळत होतं, पण कप काही बाहेर आले नाहीत.

हातमोजे काढले होते. मोजे घातलेल्या हाताला त्या बिचकल्या असत्या, आणि मला काय व्हायचंय ते होऊ दे.

ठिपके फिके झालेत, पण कळतात. मी बाटलीखाली हात धरायची आणि एखादी उतरून यायची. मूठ मिटली तरी फडफडायची नाही. मूठ मिटली की मान मागे टाकायची, डोळा वर करायची आणि तशीच थांबायची. पहिलीने केलं तेव्हा मला वाटलं घाबरली. दुसरीने तेच केलं. मग माझ्या लक्षात आलं. मोतीबिंदूच्या म्हाताऱ्या अशाच करायच्या. मी वॉर्डाच्या दारातून आत आले की शेवटच्या खाटेपर्यंत माना मागे जायच्या.

त्या थेंबांची वाट बघत होत्या.

म्हणून मी थेंब घातले. सगळ्यांना. उपयोग नाही हे माहीत होतं, तुझं पत्र मला पाठ आहे. पण मान मागे टाकलेल्या पेशंटला तशीच उचलून खोक्यात टाकायची, हे मला कधी शिकवलं नव्हतं आणि आता शिकायचं वय नाही. थेंब घातला, कडेला ओघळलेला कापसाने टिपला, खोक्यात ठेवली, झाकण लावलं. मग पुढची.

ठिपक्याची एकही अंगणात राहिलेली नाही. दोन दिवस लक्ष ठेवलं. खात्री करूनच गाडीला निरोप पाठवला. गाडीवाल्याने विचारलं, वाटेत यांना पाणी ठेवू का. मी म्हटलं, ठेवा.

बाटली मी फोडली आणि काचा कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकल्या. घड्याळवाल्यांशी बोलले. ते म्हणाले त्यांनीच सगळं केलं. मी म्हटलं, तुम्हाला साधा चहा करता येत नाही, सगळं काय करणार. तेव्हा जरा सावरले. आता रोज येऊन बसतात. 

थेंबांमुळे तुमच्या तपासणीत काही बिघडलं असेल तर कळव.

मावशी


२ फेब्रुवारी

मावशी,

बिघडलं. औषधामुळे डोळ्यांचे नमुने निरुपयोगी झाले. घशातले आणि आतले घेता आले, त्यावर काम निभावलं. साहेब खूप चिडले. एवढं साधं त्या बाईंना कोणी सांगितलं नव्हतं का, म्हणाले, आणि ती बाई आहे तरी कोण. मी म्हटलं, माझी मावशी. मग ते त्यांच्या खोलीत गेले. 

पेटीचं काम मी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. एकेक करून केलं. लिहिलं होतं तसंच झालं, धडपड झाली नाही. मधे मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं. मग परत आत गेले.

आजार थांबला असं म्हणता येत नाही. टॉवरच्या पलीकडच्या गावातून खोके यायला लागलेत. त्यांत ठिपक्याची नसते, पण असायची गरजही उरलेली नाही. तुझ्या गल्लीतून मात्र गेल्या आठवड्यात काही आलं नाही.

शनिवारी येते आहे. आईला घेऊन. फोन करणार नाही, थेट दाराशी येऊ.

तू विचारलेलं नाहीस. पण तू नर्स आहेस, आज ना उद्या विचारशील, आणि तेव्हा मला समोर बसून सांगता येणार नाही, म्हणून लिहून टाकते. बहुतेकींच्या घशात जंतू होता. दोघींच्या नव्हता. घशात नाही, फुप्फुसात नाही, कुठेच नाही. मी पुन्हा तपासलं, दुसऱ्या एकालाही तपासायला लावलं.

त्या दोघी बऱ्या झाल्या होत्या.

मनी